लहान कत्तलखान्यात शेळी-मेंढीचं मांस सुरक्षित ठेवायचं तर: वाड्यापासून गाडीपर्यंत कामाचा क्रम

निरोगी जनावराच्या स्नायूंच्या आत जंतू जवळजवळ नसतात. ते असतात बाहेर, लोकरीवर, केसांवर, खुरांत. आणि आत, कोठ्यात आणि आतड्यांत. या दोन ठिकाणांहून ते मांसावर येतात ते कामगाराच्या हाताने आणि सुरीने, सोलणं आणि पोट उघडणं या थोड्या वेळाच्या कामात. तरीही मांसाला लवकर वास येऊ लागला की पहिला संशय शीतगृहावर घेतला जातो आणि पहिला उपाय म्हणून पाण्याचा पाईप हातात घेतला जातो. थंडीने जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहीत. पाण्याने तर ते धडभर पसरतात. चूक होते ती त्याच्या आधी, कामाच्या क्रमात.

पुढचा क्रम दिवसाला वीस ते साठ शेळ्या-मेंढ्या होणाऱ्या, फिरती साखळी नसलेल्या, हातानेच काम चालणाऱ्या जागेसाठी आहे. कत्तलीची पद्धत कोणतीही असो, स्वच्छतेचा क्रम तोच. तापमानाचे बरेचसे आकडे युरोपीय संघाच्या नियमांत आहेत तेच घेतले आहेत. तुमच्याकडचा नियम अधिक कडक असेल तर तो धरा. 'धड' म्हणजे मुंडी, पाय, कातडं आणि कोथळा काढलेलं सबंध शरीर, या अर्थाने तो शब्द वापरला आहे.

## टप्पा १: जनावर येण्याआधीची तयारी

पाणी. पिण्यायोग्यच हवं. क्लोरीन टाकीत मोजू नका, सर्वांत लांबच्या नळाला मोजा. तिथे शिल्लक क्लोरीन ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर मिळालं पाहिजे. टाकीत ठीक आणि नळाला शून्य असं दिसलं तर पाईपमध्ये आतून बुळबुळीत थर बसला आहे किंवा कुठेतरी गळती आहे.

गरम पाण्याची सुरीपेटी. ८२ अंश सेल्सिअस. काम सुरू होण्याच्या अर्धा तास आधी चालू करा आणि पाणी खरंच ८२ वर आलंय का ते थर्मामीटर बुडवून पाहा. पेटीवरचा काटा हीटरजवळचं तापमान दाखवतो, सुरी असते तिथलं नव्हे. पाणी इतकं खोल हवं की पातं आणि मूठ जिथे जुळतात तो सांधाही बुडेल. चरबी आणि रक्त त्याच सांध्यात साठतं.

सुऱ्या. प्रत्येक माणसामागे किमान दोन, वेगळ्या रंगाच्या मुठीच्या. एक हातात, दुसरी पेटीत. हातातली सुरी कामाच्या मध्येच सेकंदभर गरम पाण्यात बुचकळून पुन्हा वापरणं ही सगळीकडे दिसणारी चूक आहे. एवढ्या वेळात पात्यावरचे जंतू मरत नाहीत. आणि रक्ताने माखलेली सुरी थेट ८२ अंशांत टाकू नका. रक्तातलं प्रथिन शिजून पात्याला चिकटतं आणि त्या थराखाली जंतू सुखरूप राहतात. आधी कोमट पाण्याखाली धुवा, मग पेटीत. लाकडी मुठी वापरातून काढून टाका.

उजेड. तपासणीच्या जागी ५४० लक्स (लक्स हे उजेडाचं माप), कामाच्या जागी २२०. लेंडीचा पुसट डाग पिवळ्या, अंधुक दिव्याखाली दिसत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

माणसं. जुलाब, उलट्या, कावीळ किंवा पिकलेली जखम असलेला माणूस मांसाजवळ नको. जुलाब-उलट्या थांबल्यानंतर पुढचे ४८ तासही नको. हातावरच्या छोट्या कापावर पाणी न शिरणारी निळी पट्टी लावा. निळी अशासाठी की ती पडली तर मांसात दिसते.

जागेची आखणी. रक्त आणि कातड्याचं काम एका टोकाला, स्वच्छ धड दुसऱ्या टोकाला. कोथळा धुण्याची जागा भिंतीआड. माणसाने मळक्या भागातून स्वच्छ भागात यायचं तर मध्ये हात आणि बूट धुण्याची सोय लागते. जागा अपुरी असेल तर कामं वेळेने वेगळी करा: सगळी धडं आत गेल्याशिवाय कोठे आणि आतडी धुवायला घेऊ नका. आतडी धुताना उडणारे तुषार दिसत नाहीत, पण लटकलेल्या धडापर्यंत पोचतात.

> तपासणी: नळाला क्लोरीन, पेटीत ८२ अंश, माणशी दोन सुऱ्या. यातलं एक जरी नसेल तरी पहिलं जनावर आत घेऊ नका.

## टप्पा २: वाड्यातलं जनावर

चारा १२ तास बंद, पाणी सतत चालू. कोठा गच्च भरलेला असला की पोट उघडताना फुटण्याचा धोका वाढतो. मात्र हे १२ तास मोजायचे ते शेवटचा चारा खाल्ल्यापासून, वाड्यात आल्यापासून नव्हे. प्रवासात आठ तास उपाशी असलेल्या जनावराला इथे आणखी वीस तास उपाशी ठेवलं तर उलटंच होतं. कोठ्यातली आम्लं कमी होतात आणि साल्मोनेला, ई. कोलाय यांची वाढ सोपी होते. उपास २४ तासांच्या पुढे जाणार असेल तर थोडा चारा द्या आणि पाळी पुढे ढकला.

ओलं किंवा लेंड्या-चिखलाने माखलेलं जनावर घेऊ नका. ओल्या लोकरीतून घाणीचं पाणी हातावर आणि तिथून मांसावर येतं. पावसाळी दिवस असेल तर छपराखाली, जाळीदार फरशीवर वाळू द्या. लोकर लांब असेल तर जिथून कातडं चिरायचं आहे त्या रेषेत, म्हणजे छाती, पोटाची मधली रेघ आणि मांड्यांच्या आतली बाजू, तेवढी आदल्या दिवशी कातरून घ्या. कत्तलीच्या आधी जनावराला पाणी मारून धुणं हा उपाय नव्हे. वाळायला वेळ नसेल तर ती नवी अडचणच.

याच टप्प्यावर दोन गोष्टी विचारून कागदावर घ्या: शेवटचं औषध कोणतं आणि कधी दिलं. प्रतिजैविकाच्या बाटलीवर कत्तलीआधी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं. ते दिवस भरले नसतील तर जनावर परत जाईल. औषधाचा अंश धुऊन, शिजवून किंवा गोठवून भरवशाने निघत नाही, म्हणून त्यावर पुढच्या कुठल्याच टप्प्यात इलाज नाही.

घाबरलेलं, पळवलेलं, काठीने मारलेलं जनावर स्नायूंतली साखर संपवून येतं. त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी मांसाच्या पीएचवर, म्हणजे आम्लतेच्या मापावर, दिसतो. आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. त्याबद्दल टप्पा ७ मध्ये.

## टप्पा ३: रक्त काढणं

कातडं चिरायला एक सुरी, रक्तवाहिन्या कापायला दुसरी. केसांतून गेलेलं पातं तसंच वाहत्या रक्तवाहिनीत घातलं तर हृदय थांबेपर्यंतच्या थोड्या वेळात त्यावरचे जंतू रक्ताबरोबर आत खेचले जाऊ शकतात. एकाच घावात मान कापण्याची पद्धत असेल तिथे ही फोड करता येत नाही. म्हणून सुरी प्रत्येक जनावरामागे बदला आणि मानेवरची लोकर आधी कातरून ठेवा.

अन्ननलिका कापली गेली असेल तर कोठ्यातलं पाणी तिथून मानेवर येतं. जनावराची हालचाल पूर्ण थांबल्याची खात्री होताच अन्ननलिका शोधून चिमटा किंवा दोरा बांधा. हे काम मागे ठेवलं तर मानेचं मांस जवळजवळ नक्की खराब होतं.

मागच्या पायाने उलटं टांगून ३ ते ५ मिनिटं निथळू द्या. शरीराच्या वजनाच्या सुमारे ४ टक्के रक्त बाहेर यायला हवं. ३० किलोच्या जनावरात सव्वा लिटरच्या आसपास. जमिनीवर आडवं ठेवून रक्त काढलं तर निथळ अपुरी होते आणि मानेची चिरलेली जागा फरशीवरच्या घाणीत लोळते.

> थांबा: डोळ्याच्या बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी हलत असेल किंवा लयीत श्वास दिसत असेल तर पुढचं कोणतंही काम सुरू करायचं नाही.

## टप्पा ४: सोलणं

अर्ध्याहून अधिक चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

नियम एकच आहे: कातड्याची बाहेरची बाजू मांसाला शिवता कामा नये. कातड्याला लागलेला हात मांसाला शिवता कामा नये. बाकी सगळं यातून निघतं.

१. टांगा. फरशीवर किंवा लाकडी ठोकळ्यावर सोलू नका. खुरं-पाय कापताना वापरलेली सुरी बाजूला ठेवा.

२. पहिली चीर छोटी, बाहेरून आत. ती तेवढीच. मग सुरी बदला, नव्या सुरीचं टोक कातड्याखाली सरकवा, धार बाहेरच्या बाजूला करा आणि आतून बाहेर कापत न्या. धार आत ठेवून वरून दाबत कापलं तर केसाचा प्रत्येक तुकडा आणि त्यावरची माती मांसात जाते. सोललेल्या धडावर रेषेत चिकटलेले बारीक केस दिसले तर धार कोणत्या बाजूला होती ते वेगळं विचारावं लागत नाही.

३. कडा बाहेर वळवा. चिरलेल्या कातड्याची कड आत वळण्याकडे कल असतो. दोन्ही बाजूंना हातभर सोलून झालं की कड बाहेरच्या बाजूला दुमडा आणि चिमट्याने अडकवा. साधे, उकळून घेता येतील असे स्टीलचे चिमटे पुरतात.

४. हातांची वाटणी. डावा हात कातड्याचा, उजवा सुरीचा. कामभर ही वाटणी मोडायची नाही. डाव्या हाताने धड सावरायची वेळ आली तर आधी हात धुवायचा. सुरुवातीला वेग कमी होतो. आठवड्यात सवय होते.

५. मुठीने सुटं करणं. बरगड्यांवर आणि पाठीवर सुरीऐवजी मूठ वापरतात, कारण सुरीने पातळ पापुद्रा फाटतो. हा पापुद्रा शाबूत राहिला तर पृष्ठभाग लवकर सुकतो आणि जंतूंना ओल मिळत नाही. पण मूठ आत घालण्याआधी कोपरापर्यंत हात साबणाने धुतलेला हवा, दर वेळी. न धुतलेली मूठ घाण थेट धडाच्या सर्वांत मोठ्या भागावर फिरवते.

६. ओढणं. कातडं खाली आणि बाहेर ओढा, झटका देऊन नको. झटक्याने लोकरीतली धूळ शेजारच्या सोललेल्या धडावर उडते. मेंढीसाठी न्यूझीलंडमध्ये पुढच्या पायांनी टांगून कातडं खांद्याकडून मागे ओढण्याची पद्धत रुळली. तिचा फायदा असा की सर्वांत घाण भाग, म्हणजे शेपटीची बाजू, शेवटी सुटतो. दोन हूक आणि थोडी उंची एवढ्यावर लहान जागेतही ती जमते.

फुंकर मारून कातडं फुगवणं बंद करा. तोंडाने फुंकल्यावर माणसाच्या नाका-तोंडातले जंतू, त्यात मांसात विष तयार करू शकणारा स्टॅफिलोकोकस, थेट कातड्याखाली जातात. कॉम्प्रेसरही त्याहून फार बरा नाही. हवा गाळलेली नसेल तर तेलाचे कण आणि टाकीतलं पाणी आत जातं.

> तपासणी: सोलून झालेलं धड उजेडात फिरवून पाहा. केस, लेंडीचा डाग, हाताचे ठसे कुठे आहेत? जागा रोज तीच असेल तर चूक एका विशिष्ट माणसाच्या एका विशिष्ट हालचालीत आहे. ती शोधा. अजून पाणी मारू नका.

## टप्पा ५: कोथळा काढणं

रक्त काढल्यापासून अर्ध्या तासात कोथळा बाहेर यायला हवा. उशीर झाला की पोट वायूने फुगतं, आतड्याची भिंत ताणली जाते आणि जराशा धक्क्याने फुटते. म्हणून एकावेळी दहा जनावरं कापून ठेवून मग सोलत बसायचं नाही. तुमच्या माणसांना अर्ध्या तासात पूर्ण करता येतील तेवढीच घ्या.

१. आधी दोन्ही तोंडं बंद. वर अन्ननलिका: ती श्वासनलिकेपासून सुटी करून जमेल तितकी खोलवर बांधा. खाली गुद: भोवती गोल कापून मोकळं करा, त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवा, रबराने आवळा आणि ओटीपोटात आत ढकला. पिशवीविना नुसतं सोडलेलं गुद आत सरकताना लेंड्या थेट मांड्यांच्या आतल्या बाजूला, म्हणजे सर्वांत महागड्या भागाला, लावत जातं.

२. पोटाची चीर. वरच्या टोकाला बोटभर भोक पाडा. सुरीची मूठ आत आणि टोक बाहेर ठेवून, आतल्या मुठीने आतडी मागे दाबत, चीर खाली आणा. टोक आत ठेवून कापणारे आतडं फोडतात. किती दिवसांनी, एवढाच प्रश्न असतो.

३. मूत्राशय आणि गर्भाशय आधी, अखंड. गाभण जनावर निघालं तर गर्भाशय उघडू नका. ब्रुसेला आणि क्यू तापाचे जंतू गर्भजलात भरपूर असू शकतात आणि ते कामगाराला लागतात. हातमोजे, मास्क घालून तसंच बंद डब्यात टाका.

४. कोठा, आतडी एका तुकड्यात बाहेर. मग पडदा कापून कलेजी, फुप्फुस, हृदय. पित्ताशय कलेजीवरून काढताना पिळू नका. पित्त सांडलेला भाग धुऊन चव जात नाही, कापावाच लागतो.

५. जोडी तोडू नका. प्रत्येक धडाला आणि त्याच्या कलेजी-फुप्फुस-आतड्यांना एकच क्रमांक. तपासणाऱ्या पशुवैद्यकाने कलेजीत रोग पाहिला आणि ती कोणत्या धडाची हेच कळत नसेल तर सगळी धडं अडकतात. कलेजीचा ढीग करणाऱ्या जागी तपासणी हा निव्वळ देखावा असतो.

आतडं फुटलंच तर? काम थांबवा. ते धड वेगळ्या हुकावर घ्या. सुरी, हात, एप्रन धुऊन बदला. डाग लागलेला भाग चहूबाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर जादा घेऊन कापून टाका. लगेच पाणी मारायचं नाही.

पाणीदार गाठी आणि कुत्री. कलेजीत किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या पांढुरक्या गाठी दिसल्या तर त्या हायडॅटिडच्या असू शकतात. ही एका छोट्या पट्टकृमीची अळीअवस्था. कुत्र्याने ती गाठ खाल्ली की कृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो, अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि ती पोटात गेली की माणसाच्या कलेजीत तशीच गाठ होते. अशी फुप्फुसं फाटकाबाहेर फेकणं म्हणजे रोग स्वतःच्याच वस्तीत पेरणं. टाकाऊ भाग झाकणाच्या, कुलुपाच्या डब्यात ठेवा. जाळा, खोल पुरा किंवा किमान अर्धा तास उकळा. आवारात कुत्रं शिरायला वाट नको.

## टप्पा ६: छाटणी आधी, पाणी नंतर

दिसणारी लेंडी, कोठ्यातला चारा, दूध, पित्त, केस: हे सगळं सुरीने छाटून काढायचं. अमेरिकेच्या मांस तपासणीत धडावर दिसणारी विष्ठा, कोठ्यातला माल आणि दूध यांना अजिबात सूट नाही. एक ठिपकासुद्धा छाटल्याशिवाय धड पुढे जात नाही. हाच नियम घ्या.

छाटणीची सुरी प्रत्येक डागानंतर बदला. त्याच सुरीने दुसरा डाग काढायला गेलात तर पहिल्याची घाण दुसरीकडे जाते.

छाटणी संपली की मगच पाणी. वरून खाली, कमी दाबाने, पिण्यायोग्य पाण्याने, हाडाचा चुरा आणि रक्त जाईल एवढंच. जोराच्या फवाऱ्याने जंतू स्नायूंच्या फटींत घुसतात आणि पापुद्रा फुगतो. मग निथळू द्या. फडक्याने पुसू नका. दहा धडं पुसलेलं फडकं अकराव्याला पहिल्या दहांची घाण देतं, आणि हे फडकं वर्षानुवर्षं सर्वांच्या डोळ्यांसमोर बादलीत पडलेलं असतं.

आम्लाची फवारणी करावी का, हा प्रश्न नेहमी येतो. युरोपीय संघाने २०१३ मध्ये गुरांच्या धडावर २ ते ५ टक्के लॅक्टिक आम्लाला परवानगी दिली, तीही डाग काढलेल्या धडावरच. शेळी-मेंढीसाठी तुमच्या नियमात स्पष्ट परवानगी नसेल तर तो नाद सोडा. घाण सोलण्याला फवारा भरपाई करत नाही.

## टप्पा ७: थंड करणं

इथे दोन गरजा एकमेकींविरुद्ध ओढतात. जंतूंसाठी लवकर थंड हवं. पण स्नायूंतली साखर आम्लात रूपांतरित होण्याआधी मांस १० अंशांखाली गेलं तर स्नायू आखडतात आणि मांस चिवट होतं. शेळी-मेंढीचं धड लहान, चरबी कमी, त्यामुळे हा धोका त्यात जास्त. सोपा नियम: पहिल्या १० तासांत मांस १० अंशांखाली नेऊ नका.

व्यवहारात असं करा. धडं आत घेताच पंखा पूर्ण, हवा १० अंश. सुरुवातीला थंडीपेक्षा वारा महत्त्वाचा, कारण तो पृष्ठभाग सुकवतो. साधारण दहा तासांनी हवा ० ते २ अंशांवर आणा. २४ तासांच्या आत मांडीच्या गाभ्यात ७ अंश किंवा कमी मिळायला हवं. कलेजी, हृदय, गुर्दे यांना आखडण्याची भीती नाही. ती पसरट ट्रेमध्ये एका थरात ठेवून लगेच ३ अंशांखाली न्या. बादलीत भरलेली कलेजी मध्यभागी कितीतरी तास कोमट राहते.

७ अंशच का? साल्मोनेला आणि ई. कोलाय यांची वाढ साधारण त्या खाली जवळपास थांबते. लिस्टेरिया मात्र ० अंशालाही सावकाश वाढतो. म्हणून तापमान बरोबर असलं तरी शीतगृहाच्या भिंती, नाली आणि पंख्याखालची तबकडी घासायलाच लागते.

नेहमी होणाऱ्या चुका:

- धडं एकमेकांना चिकटून. दोन धडांमध्ये मूठ जाईल एवढी फट हवी. चिकटलेल्या जागी हवा लागत नाही. तिथला भाग ओला, कोमट आणि दोन दिवसांत चिकट होतो.
- गरम धडं थंड धडांच्या खोलीत. गरम धडाची वाफ थंड धडावर दव होऊन बसते. खोली एकच असेल तर जुना माल आधी बाहेर काढा.
- हवेचं तापमान म्हणजे मांसाचं तापमान समजणं. दारावरचा आकडा हवेचा आहे. टोकदार थर्मामीटर मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, घाला. दर खेपेला किमान तीन धडं: दाराजवळचं, मधलं, पंख्यापासून लांबचं.
- थर्मामीटर कधीच न तपासणं. चुरलेला बर्फ आणि थोडं पाणी यांच्या मिश्रणात दोन-तीन मिनिटं धरा. ० दिसायला हवं. एक अंशाहून जास्त फरक असेल तर दुसरा घ्या.

> तपासणी: २४ तासांनी पीएच मोजा. ५.४ ते ५.८ चांगलं. ६.० च्या वर असेल तर मांस गडद, कोरडं-चिकट दिसेल आणि लवकर खराब होईल. ते आधी विका, निर्वात पिशवीत भरू नका. आणि त्या दिवशी वाड्यात काय झालं ते विचारा.

## टप्पा ८: धुलाई

पाच पायऱ्या, याच क्रमाने. कोरडा कचरा खरवडून उचला. ४० ते ५० अंशांच्या पाण्याने धुवा. सुरुवातीलाच उकळतं पाणी टाकलं तर प्रथिनं फरशीवर शिजतात. अल्कधर्मी साबणाचा फेस १० ते १५ मिनिटं ठेवून घासा, मग धुवा. नजरेने तपासा. शेवटी २०० पीपीएम (दहा लाख भागांत २०० भाग) क्लोरीन १० मिनिटं: ५ टक्क्यांच्या हायपोक्लोराइटचे ४० मिलिलिटर १० लिटर पाण्यात. मांस लागणारे हूक आणि टेबलं नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडी होऊ द्या.

चरबी शिल्लक असलेल्या जागी क्लोरीन टाकणं म्हणजे क्लोरीन वाया घालवणं. आणि क्लोरीन कोणत्याही आम्लात कधीही मिसळू नका. निघणारा वायू बंद खोलीत जीव घेऊ शकतो.

नाली सर्वांत आधी घासा, शेवटी नाही. शेवटी घासली तर तुषार नुकत्याच निर्जंतुक केलेल्या टेबलांवर बसतात.

## टप्पा ९: कापसाच्या बोळ्याचा नमुना

डोळ्यांना न दिसणारं इथे दिसतं. थंड करण्याआधी, एका खेपेला पाच धडं निवडा, प्रत्येकावर चार ठिकाणं: मांडीच्या मागचा भाग, कूस, बरगडीची बाजू, छाती. १० × १० सेंटिमीटरची निर्जंतुक चौकट ठेवून ओल्या बोळ्याने आडवं-उभं घासा. बर्फाच्या डब्यात, न गोठवता, २४ तासांत प्रयोगशाळेत. निवड सोयीने करू नका. रोज सकाळचं पहिलं धड घेतलं तर चित्र नेहमीच चांगलं येतं. सकाळी सुऱ्या, हात, एप्रन सगळं स्वच्छ असतं. जेवणाच्या सुट्टीआधीची धडं घ्या.

युरोपीय निकषांत शेळी-मेंढीसाठी एकूण जंतूंची दिवसाची लॉग सरासरी (लॉग म्हणजे दहाचा घात: ३ म्हणजे हजार, ५ म्हणजे लाख) प्रति चौरस सेंटिमीटर ३.५ पर्यंत समाधानकारक, ५.० च्या वर असमाधानकारक. एंटेरोबॅक्टेरिएसीसाठी, म्हणजे साल्मोनेला, ई. कोलाय ज्यात येतात त्या जंतूंच्या कुळासाठी, हे आकडे १.५ आणि २.५. हे आकडे मांसाचा तुकडा कापून घेतलेल्या नमुन्याचे आहेत. बोळ्याने जंतू कमी निघतात, म्हणून बोळ्याचा निकाल या आकड्यांखाली आला म्हणजे उत्तीर्ण असं नव्हे. स्वतःच्या मागच्या दहा-बारा निकालांशी तुलना करा; चढती रेघ हीच बातमी.

एंटेरोबॅक्टेरिएसी वाढले, तर बहुधा आतडं किंवा गुद हाताळण्यात ढिलाई. ते कमी पण एकूण जंतू जास्त, तर हात, सुऱ्या, एप्रन, फडकी.

## टप्पा १०: गाडीत भरणं

गाडीचं यंत्र थंडी टिकवण्यासाठी असतं, गरम मांस थंड करण्यासाठी नव्हे. गाभ्यात ७ अंश नसतील तर धड चढवायचं नाही. ग्राहक दारात उभा असला तरी. डबा भरण्याआधी अर्धा तास यंत्र चालवून आतली हवा ४ अंशांवर आणा. भरताना यंत्र बंद ठेवा, नाहीतर उघड्या दारातून ते बाहेरची दमट हवा ओढतं आणि छतावर दव बसतं. धडं टांगलेली, फरशीवर काही नाही. कलेजी बंद डब्यात, आतडी वेगळ्या गाडीत किंवा किमान वेगळ्या, न गळणाऱ्या पेटीत.

खिमा करून पाठवायचा असेल तर तो २ अंशांवर ठेवा आणि केल्या दिवशीच पाठवा. अखंड धडावर जंतू फक्त पृष्ठभागावर असतात. खिम्यात तोच पृष्ठभाग सगळ्या मांसात मिसळलेला असतो.

प्रत्येक गाडीबरोबर एक ओळ लिहा: तारीख, धडांचे क्रमांक, निघतानाचं गाभ्याचं तापमान, कोणाला दिलं. तक्रार आल्यावर वीस मिनिटांत तो माल परत बोलावता आला नाही, तर नोंदवही ठेवली काय आणि न ठेवली काय.

## तक्रार आली तर कुठे पाहायचं

दोन-तीन दिवसांत पृष्ठभाग चिकट, आंबूस वास. धडं ओली आत गेली किंवा एकमेकांना टेकली. टप्पा ६ मधलं निथळणं आणि टप्पा ७ मधली फट पाहा.

गुर्द्यांभोवती हिरवट छटा. कोथळा उशिरा निघाला. त्या दिवशी एकावेळी किती जनावरं कापली ते मोजा.

मांड्यांच्या आतल्या बाजूला वास, बाकी धड ठीक. गुद बांधलं नव्हतं किंवा पिशवी सुटली.

मान लवकर खराब. अन्ननलिकेचा चिमटा.

रंग गडद, हाताला चिकट, पण वास नाही. पीएच जास्त. ही स्वच्छतेची चूक नाही. वाड्यात किंवा वाहतुकीत जनावर दमलं होतं.

वरून उत्तम, हाडाजवळ आंबलेला वास. गाभा वेळेत थंड झाला नाही. शेळी-मेंढीत हे क्वचित दिसतं. दिसलंच तर धडांची गर्दी किंवा बंद पडलेला पंखा शोधा, आणि त्या रात्री दारावरचा आकडा सोडून गाभ्याचं तापमान कोणी मोजलं होतं का तेही विचारा.